वह्या आधी परत द्या

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावी सायन्सला. अकरावीला ७८ टक्के, क्लासच्या टेस्टमध्ये मात्र मागे. जुन्या अमेरिकन डिझेल रेल्वे इंजिनांची चित्रं काढत बसते म्हणून तिच्या तीन वह्या तुम्ही दिवाळीनंतर कपाटात कुलूप लावून ठेवल्यात, ‘जेईई होईपर्यंत’. तेव्हापासून ती जेवताना बोलत नाही. तुमचा प्रश्न एवढाच, की कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळेल का, आणि नाही मिळालं तर एक वर्ष गॅप घ्यावी का.

७८ टक्क्यांनी माझी झोप उडत नाही. त्या कुलपाने उडाली.

तुम्ही रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर आहात. ‘माझी बावीस वर्षं ग्रीसमध्ये गेली, तिचे हात तरी स्वच्छ राहू देत,’ असं लिहिलंय. हे मला कळतं. पण हे तिला कधी सांगितलंत का? तिला काय दिसतंय ते बघा. बाप रोज सकाळी डबा घेऊन ज्या यंत्रापाशी जातो, त्याच्या खापरपणजोबांची चित्रं ती काढते आणि बाप ती कुलपात टाकतो. जगातली एवढी यंत्रं सोडून पोरीने हेच का निवडलं असेल, हा विचार तुमच्या मनात आलाच नाही, याचं मला खरंच नवल वाटलं. आणि गप्प बसलेली मुलगी अभ्यास करत असते, या भ्रमात राहू नका.

आता तुमचं ते वाक्य: ‘ही नुसती बाहेरच्या पत्र्याची चित्रं काढते. खरं इंजिन आत असतं, ते इंजिनिअर लोक करतात.’ रागावू नका, पण हे साफ चूक आहे, आणि चूक आहे हे तुमच्याइतकं कुणालाच कळणार नाही. पुरावा म्हणून तुम्ही वहीच्या ज्या पानाचा फोटो पाठवलात, त्यावर तीन इंजिनं आहेत. पहिलं अल्को या अमेरिकन कंपनीचं आरएस-१, १९४१चं, हजार अश्वशक्तीचं. रॉक आयलंड या अमेरिकन रेल्वेला यार्डात डबे हलवण्या-जोडण्याचं शंटिंगही करील आणि मेन लाइनवर गाडीही ओढील असं एकच इंजिन हवं होतं, त्यातून ते जन्मलं. दुसरं जनरल मोटर्सचं बीएल-२, १९४८चं. दिसायला देखणं. मागचं दिसावं म्हणून त्याचं अंग मागे निमुळतं केलेलं. पण त्याचा सांगाडा पुलाच्या कैचीसारखा, भार पेलणारा. त्यामुळे आतल्या भागांपर्यंत हात पोचवणं जिकिरीचं, बाजूने चालायला धड फळी नाही, आणि बनवायला खर्चिक. जेमतेम ५८ विकली गेली. तिसरं जीपी-७, १९४९चं. त्याचे कर्ते रिचर्ड डिलवर्थ म्हणत की इंजिन इतकं कुरूप करायचं, की कुठल्याच रेल्वेला ते हेड ऑफिसच्या आसपास नको वाटावं, लांब आडमार्गावर कामाला लावावं. त्यांनी सगळा भार खालच्या चौकटीवर टाकला. मग वरचा हूड, म्हणजे इंजिनावरचं पत्र्याचं आवरण, नुसतं झाकण उरला. झाकण म्हटल्यावर त्याला हवी तितकी दारं ठेवता येतात आणि बाजूने चालायला वाट निघते. जीपी-७ दोन हजारांच्या वर खपली. आतलं इंजिन आणि अश्वशक्ती बीएल-२ आणि जीपी-७ दोन्हींत साधारण सारखीच होती, १५००. फरक पडला तो तुम्ही ज्याला पत्रा म्हणता त्यात.

ती दारं उघडून फळीवर उभं राहायचं काम तुम्ही बावीस वर्षं करताय. आपल्याकडची डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनं याच हूडवाल्या घराण्यातली. आधी अल्कोकडून आली, आणि जानेवारी १९६४ पासून वाराणसीत तयार व्हायला लागली. त्या पानावर जीपी-७च्या हूडशेजारी मुलीने पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलंय: ‘दार इथे का? माणूस उभा कुठे राहतो?’ डिझाइनच्या कॉलेजात पहिल्या वर्षी हाच प्रश्न विचारायला शिकवतात, आणि बऱ्याच मुलांना तो चौथ्या वर्षापर्यंत सुचत नाही.

‘आता सगळी लाइन इलेक्ट्रिक झाली, डिझेलचं काय घेऊन बसलीय’ हाही तुमचा मुद्दा आहे. ती डिझेल विकायला निघालेली नाही. माणूस, काम आणि यंत्र यांचं जमवायचं कसं, हे ती बघतेय. ते इलेक्ट्रिक इंजिनात लागतं, ट्रॅक्टरमध्ये लागतं, दवाखान्यातल्या खाटेतही लागतं.

परीक्षांचं थोडक्यात: मेकॅनिकलसाठी जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी, डिझाइनसाठी यूसीड आणि एनआयडीची परीक्षा. मेकॅनिकल करून पुढे सीड ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमालाही, जाता येतं. रेल्वेचंच शिकायचं तर वडोदऱ्याचं गतिशक्ती विद्यापीठ बघा, तिथे बी.टेक.चे प्रवेश जेईई मेनवर होतात. कॉम्प्युटरसाठी गॅप? माझं मत विचाराल तर मुळीच नको. जी शाखा तिने मागितलीच नाही, तिच्यासाठी तिचं एक वर्ष कशाला घालवायचं?

आधी वह्या परत द्या, आजच. ‘अभ्यास झाल्यावर’ वगैरे अट घालू नका. मग एक काम करा. लाँग हूड, म्हणजे केबिनच्या एका बाजूचा लांब हूड, पुढे ठेवून गाडी चालवताना लोको पायलटला समोरचा निम्मा रूळ दिसत नाही, त्या बाजूचा सिग्नल सहायकाने बघून मोठ्याने पुकारावा लागतो, हे तुम्ही शेडमध्ये शेकडो वेळा ऐकलं असेल. तिला ते माहीत असेल तर पुस्तकातून. तिच्या पानाच्या कोपऱ्यात आणखी एक प्रश्न आहे: ‘छोटा हूड कशासाठी?’ आरएस-१ मध्ये तिथे प्रवासी डबे गरम ठेवायला वाफेचा बॉयलर बसवता येई, एवढं मी सांगू शकते. तुमच्या इंजिनांत तिथे काय असतं, ते मात्र तुम्हीच सांगा. पेन्सिल घ्या आणि तिच्या प्रश्नाखाली तुमच्या अक्षरात लिहा. बोटाचं ग्रीस पानाला लागलं तरी चालेल.