डोपामिन मिळतंय, मग मजा का येत नाही?

प्रश्न: ताई, मी रात्री रील्स बघत बसते. खरं सांगू का, थोड्या वेळानं मजा अशी येतच नाही तरी बोट काही थांबत नाही. सगळे म्हणतात यातून डोपामिन मिळतं आणि ते आनंदाचं केमिकल आहे, मग तो आनंद जातो कुठे? आणि पळून आल्यावर जे एकदम भारी वाटतं ते पण डोपामिनच का?

उत्तर: डोपामिनला आनंदाचं केमिकल म्हणणं आता खरंच सोडायला हवं, कारण त्यामुळे तुमच्यासारखी कितीतरी माणसं 'आपल्यातच काहीतरी बिघडलंय' असं समजून बसतात. ही समजूत जुनी आहे. 1954 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी एक प्रयोग छापला, त्यात उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली होती, दांडी दाबली की तिथे हलका करंट जायचा, आणि उंदीर ती दांडी सोडायलाच तयार नव्हते. लोक म्हणाले, सुखाचं केंद्र सापडलं! पुढे कळलं की यात डोपामिनचा मोठा हात आहे, मग सुखाचं श्रेय त्यालाच गेलं.

पण उंदराला सुख होत होतं की नुसतं 'अजून हवं, अजून हवं' होत होतं? मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं. ते उंदीर समोर अन्न असून खाईनात, नळीनं भरवावं लागलं, पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं की आधीसारखेच ओठ चाटायचे. म्हणजे गोड आवडत होतं, फक्त ते मिळवायची ओढ गेली होती. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. हवंसं वाटणं आणि आवडणं हे मेंदूत दोन वेगळे मामले आहेत, आणि आवडण्याचं काम मुख्यतः मेंदूतली स्वतःची अफूसारखी आणि गांजासारखी रसायनं करतात, तीही अगदी छोट्या जागांमध्ये, उंदरात अशी एक जागा जेमतेम एक घनमिलिमीटरची आहे.

आता तुमच्या रील्स. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं की फळांचा रस कधी मिळणार हे एकदा कळलं की डोपामिनच्या पेशी रस मिळताना नाही तर त्याच्या आधीच्या खुणेलाच पेटतात, आणि अपेक्षा नसताना काही चांगलं मिळालं तर जास्तच. पुढची रील कशी निघेल हे कधीच माहीत नसतं ना, म्हणून ओढ चालू राहते, आवडणं मात्र केव्हाच थंड पडलेलं असतं. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघा, खूण दिसली नाही की ओढ कमी होते.

पळाल्यावर भारी वाटतं त्याचं श्रेय वर्षानुवर्षं डोपामिनला नाही तर एंडॉर्फिनला, म्हणजे शरीरातल्या अफूसारख्या रसायनाला, दिलं गेलं, पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत फारसं शिरतच नाही. गांजासारखी रसायनं तेलकट असल्यामुळे सहज शिरतात. 2021 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात लोकांना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध देऊन 45 मिनिटं पळवलं, तरी त्यांना भारी वाटलंच, म्हणजे ते श्रेय बहुधा गांजासारख्या रसायनांचं. अगदी रमतगमत चाललं तर ही रसायनं फारशी वाढत नाहीत, मध्यम वेगानं पळालात तर जास्त शक्यता आहे.