लिनक्ससीएनसीसाठी पैसे देऊन मदत घेताना

लिनक्ससीएनसीवर (संगणकावरून सीएनसी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) चालणारं मशीन बंद पडून काम अडलं असेल तर पैसे देऊन मदत घ्यायला लाजू नकोस. फक्त आधी लेटन्सी टेस्ट, म्हणजे पीसी वेळेवर प्रतिसाद देतो का ते तपासणारी चाचणी, स्वतः चालवून बघ. स्टेपर (मशीन हलवणारी, टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर) अडखळत असेल तर बऱ्याचदा दोष पीसीचाच निघतो.

काम देताना आयएनआय आणि एचएएल फायली (मशीनची सेटिंग्ज आणि जोडण्या ज्यात लिहिलेल्या असतात त्या), वायरिंगचा आराखडा, सगळं टिपांसकट तुझ्या हाती येईल हे लेखी ठरव. सॉफ्टवेअर जीपीएल, म्हणजे खुल्या परवान्याचं, असलं तरी तुझ्या मशीनची जुळवणी एकाच माणसाच्या डोक्यात राहिली, तर दर वेळी त्याचेच उंबरे झिजवशील. पैसे तासावर की कामावर, तेही विचार.

आणि हो, इमर्जन्सी स्टॉप सॉफ्टवेअरच्या भरवशावर नको, थेट वायरिंगमधूनच पॉवर तोडणारा हवा. कुणी दुरून मशीन हलवत असेल तेव्हा तू त्या बटणापाशी उभा राहा.