नीटला ३४०: रिपीट करू की दुसरं काही?

तुझा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. बारावी सायन्स, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी), गणित अकरावीलाच सोडलेलं. २०२५ च्या नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, ७२० पैकी ३४०. त्यात बायोलॉजी २३०, केमिस्ट्री ७०, फिजिक्स ४०. ओबीसी, कळंब तालुक्यातल्या शेतकरी घरातली मुलगी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. वडील म्हणतात लातूरला क्लास लावून नीट रिपीट कर, आई म्हणते नर्सिंगला जा, आणि तुला जनावरांचा डॉक्टर व्हायचंय, पण ते घरात कुणी मनावर घेत नाही. मी मराठवाड्यातच ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, रिपीट करणारी पोरं दरवर्षी समोर असतात. तुला तू म्हणतो, चालेल ना?

आधी वरच्या प्रतिसादांबद्दल. 'माझ्या चुलतभावाला साडेपाचशे असून नंबर लागला नाही, तुझे ३४० म्हणजे काहीच नाही' असं एकाने लिहिलंय. तो भाऊ २०२४ चा असणार. त्या वर्षी वरच्या पोरांना ७२० पैकी ७२० होते, यंदा, म्हणजे २०२५ ला, देशात पहिल्या आलेल्याला ६८६ आहेत. फिजिक्सचा पेपर यंदा फार कठीण निघाला आणि सगळ्यांचेच मार्क खाली आले. त्यामुळे मागच्या वर्षीचा कटऑफ समोर ठेवून रडूही नकोस, हुरळूही नकोस. आपली रँक बघ, मार्क नको. बाकी चित्र आहे ते आहे: २२ लाखांवर मुलं बसली, एमबीबीएसच्या जागा देशभर सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या निम्म्या खासगी, ज्यांची फी चार एकर सोयाबीनवर निघत नाही. या मार्कांवर यंदा सरकारी एमबीबीएस नाही, एवढं धरून पुढे बोलू.

आता रिपीट. घरोघरी हा निर्णय एकूण मार्कांवरून घेतात: चारशेच्या वर असेल तर रिपीट, खाली असेल तर नाही. मला हे पटत नाही. मार्क कुठे गेले ते बघायला पाहिजे. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीला एक वजा, म्हणून तुझे फिजिक्सचे ४० दोन तऱ्हांनी येऊ शकतात. दहा प्रश्न बरोबर आणि बाकीचे सोडले, तरी ४०. सोळा बरोबर आणि चोवीस चूक, तरी ४०. पहिल्या तऱ्हेत पोरीला धडेच आलेले नसतात. बहुतेक वेळा अकरावी वाया गेलेली असते, कारण अकरावीला बोर्ड नाही आणि कॉलेजात प्रॅक्टिकलपुरतंच जायचं असतं. हे एका वर्षात भरून निघतं. दुसऱ्या तऱ्हेत धडे दोनदा झालेले असतात, सूत्रं पाठ असतात आणि गणित सुटत नाही म्हणून अंदाजाने गोळे रंगवलेले असतात. तिथे तेच लेक्चर परत ऐकून दहा-वीस मार्क वाढतात, शंभर वाढत नाहीत. तुझी ओएमआरची (गोळे रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची) प्रत आणि अंतिम उत्तरतालिका घेऊन बस, फिजिक्सच्या ४५ प्रश्नांसमोर बरोबर, चूक, कोरा असं लिही, आणि कुठला धडा तेही लिही. एका संध्याकाळचं काम आहे. क्लासवाले ते करून देत नाहीत, कारण त्यांना ॲडमिशन हवी असते.

त्यानंतर आणखी एक कर. पैसे भरायच्या आधी दोन आठवडे घरीच बसून गतीचे नियम आणि कार्य-ऊर्जा हे दोनच धडे घे. गणित सोडलेल्यांना फिजिक्ससाठी अख्खं गणित लागत नाही. सदिशाचे घटक पाडणं, आलेखाचा चढ वाचणं, साधं डेरिव्हेटिव्ह आणि दहाच्या घातांची आकडेमोड, एवढ्यावर नीटचं बरंचसं फिजिक्स निघतं. मग मागच्या वर्षांच्या पेपरांतले याच धड्यांचे वीस प्रश्न उत्तर न बघता सोडव. निम्मे सुटले तर लातूरला जा, मी वडिलांच्या बाजूचा. चार-पाचच सुटले तर क्लास, कॉट, मेस धरून दीड-दोन लाख घालण्याआधी वडिलांना तो कागद दाखव. बाप हिशेब समजून घेतो, 'माझं मन लागत नाही' हे समजून घेत नाही. (केमिस्ट्रीची मला फारशी काळजी नाही. ७० आहेत, पण इनऑर्गॅनिक एनसीईआरटीच्या पुस्तकातूनच येतं, ते वाचून वाढतं. बायोलॉजी २३० चं २९० करणं त्याहून सोपं.)

आता तुझं जनावरांच्या डॉक्टरचं, कारण सगळ्यात कमी चर्चा त्याचीच झालीय. त्याची पदवी बीव्हीएससी अँड एएच, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. नंबर नीटच्या मार्कांवरच लागतो, पण अर्ज वेगळा. नागपूरचं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, ज्याला सगळे माफसू म्हणतात, ते आपली प्रवेशप्रक्रिया स्वतः करतं. राज्याच्या सीईटी सेलचा (प्रवेश परीक्षा कक्षाचा) एमबीबीएस-बीएएमएसचा फॉर्म भरला म्हणजे हाही भरला असं समजून दरवर्षी पोरं ही संधी घालवतात. कॉलेजं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, अकोला इथे आहेत. त्यातलं उदगीर आणि परभणी तुला जवळ. ३४० वर खात्री कुणी देऊ शकत नाही, पण फॉर्म भरायचा म्हणजे भरायचाच. आणि रिपीटचं ठरलंच, तर समोर एमबीबीएसऐवजी हे ध्येय ठेवून बघ. त्याला लागणारा आकडा तुझ्या बायोलॉजीकडे बघता आवाक्यातला आहे.

काम कसं असतं, ते मात्र बघून ये. घरचं वासरू आवडणं आणि रात्री दोनला अडलेल्या म्हशीसाठी खांद्यापर्यंत हात घालणं यात फरक आहे. २०२२ ला जनावरांत लम्पी रोग आला तेव्हा हीच माणसं गोठ्यागोठ्यात लस टोचत फिरत होती. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आठवडाभर सकाळी जाऊन बस, डॉक्टरांना आधी विचार. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. 'पोरीचं काम नाही' हे काका-मामा बोलतात तेव्हा सांग की आता त्या वर्गांत मुली भरपूर आहेत. पुढे एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, दूध संघ, पोल्ट्री, विमा, शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने असे रस्ते आहेत. कुणी 'पशुसंवर्धनाचा डिप्लोमा कर, तेच आहे' म्हणालं तर ते तेच नाही. पशुवैद्य म्हणून नोंदणी पदवीवरच होते.

आईच्या नर्सिंगला मी कमी लेखत नाही. बीएससी नर्सिंग चार वर्षांचं, त्याची राज्यात वेगळी सीईटी असते, ती दिली असशील तरच यंदा बोलण्यात अर्थ. पण रुग्णसेवा नकोशी वाटणाऱ्या पोरीने 'नोकरी लागते' म्हणून तिकडे जाऊ नये. तिचे हाल होतात, आणि पेशंटचेही. पीसीबी ग्रुपची एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, दिली असशील तर बी.फार्म आणि बीएससी ॲग्री उघडं आहे. ॲग्रीसाठी राहुरी, परभणी, अकोला, दापोली ही चार विद्यापीठं आणि त्यांची सरकारी कॉलेजं आधी बघ, गल्लीतली खासगी नंतर. एक सांगतो, ॲग्री करून बहुतेक पोरं पुण्यात एमपीएससीच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात. तुला तेच करायचं असेल तर हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून.

जॉर्जिया, किर्गिझस्तानला एमबीबीएसला पाठवणाऱ्या एजंटांचे फोन वडिलांना यायला लागले असतील. तिथून आल्यावर इथे प्रॅक्टिस करायला एफएमजीई ही परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची परीक्षा पास व्हावी लागते, आणि बहुसंख्य पोरं पहिल्या झटक्यात होत नाहीत. एजंट हे सांगत नाही. शेत विकून तिकडे जाऊ नये.

पैशांचं एक महत्त्वाचं. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कृषी आणि पशुसंवर्धनचे अभ्यासक्रमही त्यात येतात. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास तर माफी गेली. हॉस्टेल आणि मेस या माफीत येत नाही. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, चालू नॉन-क्रीमीलेअर, अधिवास आणि जात वैधता लागेल. वैधता अजून नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून उद्याच ते प्रकरण दाखल कर आणि पावती जपून ठेव. मार्क असून व्हॅलिडिटीपायी सीट गेलेली पोरं मी पाहिलीत. रिपीट केलंस तर पुढच्या वर्षी प्रवेशाला गॅपचं ॲफिडेव्हिटही लागेल, ते तहसीलजवळ दहा मिनिटांत होतं.

तुझी ऑल इंडिया रँक, पीसीबी सीईटीचा पर्सेंटाइल आणि फिजिक्सचे चूक किती, कोरे किती, एवढं इथे टाक. मग माफसूच्या फॉर्ममध्ये कॉलेजांचा क्रम कसा द्यायचा ते सांगतो.