‘सापडलं’ म्हणजे नक्की काय सापडलं?

मागच्या वेळी म्हटलं होतं की परग्रह, तिथली जीवसृष्टी वगैरे काय विचारायचं ते बिनधास्त विचारा, तर इतके प्रश्न आले की दोन रविवार वाचण्यातच गेले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आपला प्रश्न दिसला नाही तर रागावू नका.

प्रश्न: एप्रिल २०२५ मध्ये बातमी होती की के२-१८बी नावाच्या ग्रहावर जीवसृष्टी सापडली. मग पुढे सगळे गप्प का? दडपलं का काही? (सांगली)

अहो दडपलं काही नाही, मुळात सापडलीच नव्हती. पण प्रकरण भारी आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. हा ग्रह सिंह राशीच्या दिशेला १२४ प्रकाशवर्षं लांब आहे, एका मंद लाल ताऱ्याभोवती ३३ दिवसांत फेरी मारतो, रुंदीला पृथ्वीच्या २.६ पट आणि वजनाला साडेआठ पट. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन (बनारसला इंजिनिअरिंग, मग एमआयटी) आणि त्यांच्या टीमने जेम्स वेब दुर्बिणीतून त्याची हवा तपासली. म्हणजे काय, तर ग्रह ताऱ्यासमोरून जाताना थोडासा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो, त्यात कुठले रंग कमी पडले ते बघायचं आणि कुठल्या वायूने ते खाल्ले ते ओळखायचं. २०२३ मध्ये मिथेन मिळाला, त्यावर फारसं कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते डायमिथाइल सल्फाइडवर. समुद्रावर गेल्यावर जो टिपिकल वास येतो ना, त्यात या वायूचा वाटा असतो आणि पृथ्वीवर तो बहुतेक समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळेच तयार होतो, म्हणून एवढी खळबळ.

आता आकडा बघा. टीमने स्वतःच सांगितलं होतं की खात्री तीन सिग्मा आहे. म्हणजे तिथे तसलं काहीच नसताना निव्वळ योगायोगाने अशी खूण दिसायची शक्यता हजारात तीन, साधारण नाणं सलग आठ-नऊ वेळा छापा पडावं तशी. ऐकायला जबरदस्त वाटतं पण या धंद्यात शोध म्हणायला पाच सिग्मा लागतो, म्हणजे सलग वीस-एकवीस वेळा छापा. आणि तोही योगायोगापुरताच हिशोब झाला, तुमचं गणिताचं मॉडेलच चुकलेलं असेल तर सिग्मा काय कामाचा? बाकीच्यांनी तोच डेटा घेऊन वेगळ्या पद्धतीने बघितला तर काहींना सपाट रेषेपेक्षा (म्हणजे कुठल्याच वायूची खूण नाही) वेगळं काही दिसेचना. शिवाय हाच वायू ६७पी या धूमकेतूवर मिळालाय, तिथे कोण शेवाळ पिकवायला बसलंय! म्हणजे वायू पक्का झाला तरी जीव पक्का होत नाही. मधुसूदन यांच्यावर माझा राग नाही, त्यांनी शंका सांगूनच मांडलं होतं. पेपरमध्ये ‘शक्यता’ असते, बातमीत ती गळून पडते, आणि फॉरवर्ड होईपर्यंत तिथे मासे पोहायला लागतात.

प्रश्न: ग्रह दिसतच नाही तर आहे हे कशावरून म्हणता? फोटो तर सगळे चित्रकाराने काढलेले असतात. (नागपूर, बारावी सायन्स)

चित्रांबद्दलचं बहुतांशी बरोबर. पण ‘दिसत नाही’ म्हणजे कळत नाही असं नसतं, हे मी स्वतः करून बघितलंय म्हणून सांगते. दिवाळीनंतरची थंडी, गावाबाहेर मित्राच्या शेतावर आठ इंची दुर्बीण, मागे कॅमेरा आणि एचडी १८९७३३ नावाचा तारा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही पण छोट्या दुर्बिणीला सोपा. त्याचा ग्रह २००५ मध्ये सापडलाय, सव्वादोन दिवसांत फेरी मारतो आणि समोर आला की ताऱ्याचा उजेड जवळपास अडीच टक्के कमी होतो. फोकस मुद्दाम थोडा बिघडवून ठेवायचा म्हणजे ताऱ्याचा ठिपका कॅमेऱ्यावर पसरतो आणि मोजमाप जास्त स्थिर येतं, मग दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो आणि प्रत्येकात शेजारच्या ताऱ्यांशी तुलना. लॅपटॉपवर एकेक ठिपका पडत होता, वर खाली वर खाली, पाऊण तास काही कळेना, त्यात लेन्सवर दव धरलं म्हणून हेअर ड्रायर फिरवला, शेजारच्या शेतात कुणी हॅलोजन लावला त्याला जाऊन हात जोडले. घरी येऊन दहा-दहा ठिपक्यांची सरासरी काढली तेव्हा आलेखात खड्डा दिसला, सुमारे पावणेदोन तास रुंद. ग्रह मी बघितलेला नाही, खड्डा बघितला. आणि तो पुन्हा सव्वादोन दिवसांनी बरोब्बर ठरल्या वेळी पडतो, त्याला काय म्हणणार?

पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर उजेड दहा हजारात एक भागसुद्धा कमी होत नाही. म्हणून केपलर दुर्बीण अंतराळात पाठवावी लागली. सहा हजारांवर ग्रह पक्के झालेत, त्यातले बहुतेक अशा खड्ड्यांमधूनच.

प्रश्न: नारळीकर सरांच्या प्रयोगात ४१ किलोमीटर उंचीवर जिवाणू मिळाले होते. मग ते बाहेरून आलेले नाहीत का? (पुणे)

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण सर २०२५ च्या मे महिन्यात गेले तेव्हा सगळीकडे त्यांच्या गोष्टींबद्दल लिहून आलं, या प्रयोगाबद्दल त्या मानाने कमी. २००५ मध्ये हैदराबादहून इस्रोच्या साथीने एक प्रचंड बलून सोडला, त्याला निर्जंतुक केलेल्या, द्रवरूप निऑनने गार ठेवलेल्या स्टीलच्या नळ्या, त्या २० ते ४१ किमीच्या मधे ठरलेल्या उंचीवर उघडायच्या आणि हवा गोळा करून बंद करायच्या. नमुने दोन ठिकाणी तपासले, हैदराबादला सीसीएमबी आणि तुमच्या पुण्यात एनसीसीएस या जीवशास्त्राच्या संस्थांत, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याने पकडावी. जिवाणूंच्या १२ वसाहती मिळाल्या, त्यात तीन जाती नवीन, एकीचं नाव ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलवरून, एकीचं इस्रोवरून, एकीचं आर्यभट्टावरून. अतिनील किरणांना आसपासच्या नातेवाईकांपेक्षा जास्त दाद न देणाऱ्या.

पण बाहेरून आले का? तसं सिद्ध झालेलं नाही, आणि इस्रोने २००९ ला जाहीर करतानाच तसं स्पष्ट सांगितलं होतं. नंतर तर आर्यभट्टाची ती जात शेतातल्या मातीत, पिकांच्या मुळाशी पण मिळायला लागली. म्हणजे खालून वर गेली असेल हे जास्त सोपं उत्तर. तरी मला हा प्रयोग फार आवडतो, कारण सर आयुष्यभर हॉइलच्या बाजूने बोलले, जीव बाहेरून आला असेल असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि तरी प्रयोग असा आखला की उत्तर आपल्या विरुद्धही जाऊ शकेल.

प्रश्न: मंगळावरचे बिबट्याचे ठिपके काय प्रकार आहे? (कोल्हापूर)

नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीला जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवराजवळ नदीच्या जुन्या पात्रात एक दगड मिळाला, त्यावर काळ्या कडांचे फिकट ठिपके. त्यात लोहाची दोन खनिजं, एक फॉस्फरसवालं, एक गंधकवालं. पृथ्वीवर चिखलात जिवाणू असले की अशी जोडी होते, पण जिवाणू नसतानाही होऊ शकते, फक्त त्याला सहसा उष्णता लागते आणि हा दगड फारसा तापल्यासारखा दिसत नाही. सप्टेंबर २०२५ च्या पेपरात शब्द आहेत ‘संभाव्य’ खूण. नमुना नळीत भरून ठेवलाय, आणायला पैसे नाहीत. पी हळद अन् हो गोरी असं इथे चालत नाही.

प्रश्न: के२-१८बी वर यान का पाठवत नाहीत? (बरेच जण)

नासाचं ‘व्हॉयेजर १’ यान सेकंदाला १७ किमी जातंय. त्या वेगाने २२ लाख वर्षं.

प्रश्न: आम्ही नारायणगावचे. खोडदच्या जीएमआरटीला एलियनचे सिग्नल येतात असं लहानपणापासून ऐकतोय. खरं का?

नाही हो. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिथल्या ४५ मीटरच्या तीस डिश मुख्यतः पल्सार (नियमित रेडिओ ठोके देणारे मृत तारे), दूरच्या दीर्घिका, हायड्रोजन असलं काम करतात. पण दुसऱ्या ग्रहावरून सिग्नल खरंच आलाय! १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं, त्याचा अगदी क्षीण रेडिओ सिग्नल तुमच्या खोडदला पकडला जात होता, पॅराशूट उघडेपर्यंत सगळं ठीक, आणि जमिनीला टेकायच्या थोडं आधी तो बंद पडला. यानाच्या कॉम्प्युटरला चुकून वाटलं की आपण जमिनीवर पोचलो, प्रत्यक्षात ते साडेतीन किमीच्या वर होतं, तिथून आदळलं.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं, गावातलेच आहात तर जाऊन या आणि हेच तिथल्या लोकांना विचारा. मोबाईल मात्र बंद ठेवा, त्यांना त्याचाच जास्त त्रास होतो.