सुपर स्पेशालिटीची जागा हुकल्यावर

एमडी झाल्यावर पहिल्यांदाच नीट-एसएस, म्हणजे सुपर स्पेशालिटीची प्रवेश परीक्षा, दिलीस आणि कार्डिओलॉजी हुकली. वाईट वाटणारच, वाटू दे. फक्त आठवडाभर कुठलाही मोठा निर्णय घेऊ नकोस.

नवखे इथेच चुकतात. निकालाच्या रात्री बॅचच्या ग्रुपवर दुसऱ्यांच्या रँकचे स्क्रीनशॉट बघत बसतात आणि पहाटे ठरवून टाकतात, मिळेल ती शाखा घ्यायची. डीएम, म्हणजे सुपर स्पेशालिटीची पदवी, तीन वर्षांचं, पण काम जन्मभराचं. नेफ्रॉलॉजीत मन नसेल तर मध्यरात्रीच्या डायलिसिसचे कॉल फार जड जातात. आणि जागा घेऊन सोडणं महागात पडतं. अनामत, बॉण्ड, कुठल्या फेरीनंतर बाहेर पडता येतं, हे प्रवेशफेऱ्या घेणाऱ्या एमसीसीच्या (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) माहितीपत्रकात स्वतः वाच. सीनियरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस, माझ्याही नाही, नियम बदलतात.

एकच दार धरून बसू नकोस. एम्सची आयएनआय-एसएस ही वेगळी प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा होते. वैद्यकीय परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय बोर्डाची एफएनबी फेलोशिपही आहे.

वर्षभर थांबायचं ठरलंच, तर पूर्ण घरी बसू नकोस. सिव्हिलमध्ये किंवा सोलापुरातल्याच एखाद्या आयसीयूत काम धर. रात्रपाळ्या मात्र मोजक्याच घे, पैसे कमी आले तरी चालेल. थकलेल्या डोक्याने अभ्यास होत नाही. घरच्यांना बेत एकदाच नीट सांग, म्हणजे रोज जेवताना तोच विषय निघणार नाही.

दोन आठवडे झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेट. यात लाजू नकोस.

पुढच्या फेरीचा पसंतीक्रम भरण्याआधी मला एकदा दाखव.