०.३२ बोअरच्या छोट्या पिस्तुलाची वैशिष्ट्ये काय? दिवंगत वडिलांच्या ०.३२ रिव्हॉल्व्हरच्या उरलेल्या गोळ्या त्यात चालतील का?

नाही, चालणार नाहीत. दोन्हींपुढे ‘०.३२’ लिहिलेलं असतं, घोळ तिथेच होतो. रिव्हॉल्व्हरचं काडतूस ०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग. त्याची पुंगळी (दारू भरलेलं पितळी कवच) सुमारे २३ मिमी लांब, बुडाची कडा रुंद. पिस्तुलाचं ०.३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल), म्हणजेच ७.६५ मिमी ब्राउनिंग. त्याची पुंगळी १७ मिमी, अख्खं काडतूस २५ मिमी आणि कडा जेमतेम बाहेर आलेली.

लांब काडतूस पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या पेटीत, बसतच नाही. खरा धोका उलटा आहे. आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये शिरू शकतं आणि त्याचा दाब जास्त असतो: अमेरिकी मानकात २०,५०० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), तर रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा १५,०००. आखूड आहे म्हणजे सौम्य असेल, असं समजू नका.

०.३२ एसीपी काडतूस अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगने १८९९च्या सुमारास छोट्या पिस्तुलासाठीच बनवलं. गोळी ४.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण २७५ मीटर. ताकद बेताची असल्याने स्लाइडला, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाला, लॉक लागत नाही. तिचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर काम भागतं. त्यामुळे सुटे भाग कमी आणि पिस्तूल चपटं राहतं. पण स्प्रिंग कडक असते, आणि आकाराच्या मानाने झटकाही जाणवतो. मनगट सैल ठेवलंत तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी तिथेच अडकते. अंगठा स्लाइडच्या मागे आला तर सोलून निघतो.

दुसरा नेहमीचा त्रास त्या छोट्या कडेचा. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे हवी. ती मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पुढचं काडतूस वर चढत नाही. अशा वेळी स्लाइडशी झटापट करू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून मॅगझीन काढा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) तपासा आणि मॅगझीन रिकामं करून नीट भरा.

पिस्तूल रिकामं करण्याचा क्रम मात्र पाठच हवा. बोट ट्रिगरबाहेर, नळी सुरक्षित दिशेला. आधी मॅगझीन बाहेर, मग स्लाइड पूर्ण मागे. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, बोट घालूनही चाचपा. आधी स्लाइड ओढून नंतर मॅगझीन काढलं तर एक गोळी बाहेर पडते, दुसरी चेंबरमध्ये चढते आणि माणसाला वाटतं पिस्तूल रिकामं झालं. बऱ्याच अपघातांच्या मुळाशी हीच चूक असते.

नाशिकच्या पावसाळ्यात पिस्तूल चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं. पोलादाला गंज चढतो, पितळेवर हिरवट थर येतो. तेलाचा पातळ हात द्या, पण काडतुसांना तेल लावू नका, ते प्रायमरपर्यंत, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टिकलीपर्यंत, झिरपतं. हिरवी पडलेली काडतुसं वापरू नका.

आता वडिलांच्या गोळ्या. तुमच्या परवान्यात त्या नसतील तर घरात ठेवणं बेकायदा आहे. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे त्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. रिव्हॉल्व्हर घरात असेल तर तेही सोबत न्या. ते स्वतःच्या नावावर हवं असेल तर अर्ज नाशिक शहर हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, निफाड-दिंडोरीसारख्या ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.