सुकवलेलं सफरचंद ताज्याइतकंच पौष्टिक असतं का, आणि नुसतं चघळण्याशिवाय त्याचं काय करता येतं?

तुम्ही लिहिलंय की सुक्या सफरचंदाची दोन पाकिटं घरात पडून आहेत, ताज्या फळाऐवजी ती खाल्ली तर चालेल का आणि स्वयंपाकात कशी वापरायची ते कळत नाहीये. मी बरीच वर्षं सफरचंदं घरीच सुकवते आणि आठवड्यातून चार-पाच दिवस तरी वापरते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळा करू नका.

सुकं सफरचंद म्हणजे पाणी काढून घेतलेलं सफरचंद. एवढंच लक्षात ठेवलं ना की पौष्टिकतेचंही कळतं आणि स्वयंपाकाचंही. ताज्या फळात वजनाच्या साधारण ८६ टक्के पाणी असतं, पाकिटातल्या मऊसर चकत्यांमध्ये ते ३२ टक्क्यांच्या आसपास उरतं. त्यामुळे जे काही आत होतं ते सगळं दाटून येतं, चांगलंही आणि साखरही. १०० ग्रॅम ताज्या सफरचंदात ५२ कॅलरी आणि १० ग्रॅमच्या आसपास साखर, तर १०० ग्रॅम सुक्यात २४० च्या वर कॅलरी आणि ५७ ग्रॅम साखर. ही साखर कुणी वरून घातलेली नाही, फळाचीच आहे, पण शरीराला हिशोब द्यावा लागतोच. फायबर २.४ वरून ८.७ ग्रॅमवर जातं, पोटॅशियम १०० मिलीग्रॅमच्या थोडं वर असतं ते साडेचारशेपर्यंत. वाचून वाटतं अरे वा, हे तर ताज्यापेक्षा भारी! पण ही तुलनाच फसवी आहे, कारण १०० ग्रॅम सुक्या चकत्या म्हणजे जवळजवळ पावणेपाचशे ग्रॅम ताजा गर.

म्हणून मी वजनावर न जाता फळांवर मोजते. ४० ग्रॅम सुक्या चकत्या, म्हणजे साधारण एक मूठ, हे एक मध्यम सफरचंद. कॅलरीही तेवढ्याच, शंभराच्या आत. टीव्हीसमोर पाकीट घेऊन बसलं आणि दीडशे ग्रॅम संपलं तर ती जवळजवळ चार सफरचंदं झाली. चार ताजी सफरचंदं एका बैठकीत कोण खातं? दुसऱ्या सफरचंदालाच पोट नको म्हणतं, कारण पाण्याने पोट भरतं आणि चावायलाही वेळ लागतो. सुक्यात ही दोन्ही ब्रेकं निघून गेलेली असतात. तेव्हा एक मूठ वाटीत काढायची आणि बाकीचं परत कपाटात.

ताज्याच्या तुलनेत खरं नुकसान होतं ते व्हिटॅमिन सीचं. मुळात सफरचंदात ते फार नसतं, १०० ग्रॅमला ४-५ मिलीग्रॅम. सुक्यात आकडा जवळपास तोच दिसतो, पण ते पावणेपाचपट फळातून आलेलं आहे, म्हणजे पाचातले चार भाग वाटेत गेले, उष्णतेने आणि हवेने. शिवाय पाकिटातली सफरचंदं बहुतेक वेळा सोललेली असतात, आणि सालीत फायबरही जास्त आणि क्वेरसेटिनसारखी अँटिऑक्सिडंट्सही तिथेच जास्त. त्यामुळे व्हिटॅमिनसाठी सुकं सफरचंद खाऊ नका, ते दुसऱ्या ताज्या फळांतून घ्या. याची खरी जमेची बाजू म्हणजे फायबर, आणि त्यातलं पेक्टिन. हे पेक्टिन पाणी धरून फुगतं, आतड्यात मऊ जेलसारखं होतं, त्यामुळे साखर रक्तात हळूहळू जाते. पण त्याला पाणी हवं! सुकं फळ भरपूर खायचं आणि पाणी प्यायचं नाही, मग पोट साफ होण्याऐवजी उलट जड होतं, हे मी स्वतः अनुभवलंय.

कुणी जपून खायचं तेही सांगते. सफरचंदात सॉर्बिटॉल नावाची साखरेसारखी एक गोष्ट असते जी काहींना नीट पचत नाही, ताज्यातही असते पण सुक्यात तीही दाटलेली, त्यामुळे ज्यांना गॅस किंवा आयबीएसचा (आतडं नाजूक असल्याने वारंवार पोट बिघडण्याचा) त्रास आहे त्यांनी दोन-तीन चकत्यांपासून सुरुवात करावी. डायबेटिस असेल तर एक मूठसुद्धा दिवसाच्या हिशोबात धरा आणि दाण्यांबरोबर किंवा दह्याबरोबर खा, नुसती नको. किडनीच्या त्रासामुळे पोटॅशियम कमी सांगितलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. लहान मुलांना चिवट तुकडे देऊ नका, घशात अडकू शकतात, भिजवून कुस्करून द्या. आणि हे दातांना चिकटतं, खाऊन झाल्यावर खळखळून चूळ भरा.

आता तुमची पाकिटं हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. सफरचंद पिवळसर-पांढरं आणि मऊ असेल तर बहुतेक सल्फर डायऑक्साइड वापरलेलं असतं, लेबलवर ते नावाने नाहीतर २२० या नंबरने दिसेल. कापलेलं सफरचंद काळं पडतं ना, ते थांबवायला घालतात. बहुतेकांना काही होत नाही, पण दमा असलेल्या काही जणांना त्याने खोकला किंवा धाप लागू शकते, तर घरात कुणी असेल तर हे बघाच. न घातलेलं सफरचंद तपकिरी दिसतं, ते खराब नसतं. साखर वेगळी लिहिलेली आहे का तेही बघा. आणि "चिप्स" लिहिलेलं असेल तर तेल शोधा, काही चिप्स तळलेले असतात, तो पूर्ण वेगळा पदार्थ झाला.

आता स्वयंपाक. काढून घेतलेलं पाणी परत द्यायचं, माझी सगळी पद्धत एवढीच. चकत्यांचे कात्रीने तुकडे करा (सुरीला चिकटतात, कात्री सोपी पडते), ते बुडतील एवढं गरम पाणी ओता आणि वीस मिनिटं-अर्धा तास झाकून ठेवा. तुकडे फुगतात, कडा मऊ होतात आणि वास असा येतो की जणू आत्ताच फळ चिरलंय. ते पाणी कृपा करून ओतून देऊ नका, त्यात गोडवा उतरलेला असतो, मी ओट्स त्याच पाण्यात शिजवते आणि वरून साखर अजिबात लागत नाही. साखर किंवा मीठ घालायचंच असेल तर फळ मऊ झाल्यावर घाला, आधी घातलं तर ते पाणी नीट शोषत नाही.

केकमध्ये किंवा ब्रेडमध्ये घालताना लोक पाकिटातून थेट पिठात टाकतात आणि मग तक्रार करतात की केक कोरडा झाला आणि तुकडे रबरासारखे लागले. होणारच, सुका तुकडा आजूबाजूच्या पिठातलं पाणी ओढून घेतो. पंधरा मिनिटं भिजवा, निथळा, कपड्यावर कोरडे करा, चमचाभर पिठात घोळवा म्हणजे तळाशी बसणार नाहीत, आणि मग घाला. सॅलडमध्ये मात्र भिजवायची गरज नाही, तिथे तो चिवटपणाच छान लागतो, अक्रोड आणि कोबीबरोबर तर विशेष. दुधात घालायचं असेल तर दूध थोडं निवू द्या, उकळत्या दुधात हे आंबटगोड फळ पडलं की दूध फाटायची भीती असते.

पण मला यातला सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे गर. दोन मुठी चकत्या, दुप्पट पाणी, दालचिनीचा एक तुकडा, मंद आचेवर झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं, मग दालचिनी काढून डावाने घोटायचं. पेक्टिनमुळे आपोआप दाट होतं, कॉर्नफ्लॉर वगैरे काही लागत नाही. माझ्या वडिलांना कवळी बसवल्यापासून ताजं सफरचंद चावता येत नाही, फोड हातात घेऊन ते परत ताटलीत ठेवायचे, मला फार वाईट वाटायचं. हा गर मी त्यांना कोमट असताना वाटीत देते, ते चमच्याने वाटीच्या कडा निपटून खातात. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगला राहतो, टोस्टला लावा, दह्यात घाला.

पाकिटं संपल्यावर घरी करून बघायचं मनात आलं तर थोडक्यात सांगते. गाभा आणि बिया काढायच्या, साल ठेवली तरी चालते, अर्धा सेंटीमीटर जाडीच्या सारख्या चकत्या, लिंबाच्या पाण्यात दहा मिनिटं, आणि ओव्हन किंवा डिहायड्रेटर (फळं सुकवायचं यंत्र) ६० डिग्रीच्या आसपास, सहा ते बारा तास, जाडीप्रमाणे. झालं का ते गरम असताना कळत नाही, गरम चकती नेहमी मऊच वाटते. गार करा, मधोमध फाडा, फाटलेली कड चिमटीत दाबा, ओलाव्याचा एकही थेंब दिसायला नको आणि चकती चामड्यासारखी वाकायला हवी. मी पहिल्या वेळी कोमट असतानाच बरणी गच्च भरली, तिसऱ्या दिवशी झाकणाखाली बारीक थेंब दिसले, म्हटलं होईल नीट, आणि आठवड्यात पांढरी बुरशी, अख्खी बरणी टाकून द्यावी लागली. आता बरणी पाऊण भरते, आठ-दहा दिवस रोज हलवते आणि काचेवर दमटपणा दिसला की चकत्या परत ओव्हनमध्ये.

तुमची पाकिटं उघडल्यावर मूळ पिशवीत ठेवू नका, घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या आणि थंड जागी, हवा दमट असेल तर सरळ फ्रिजमध्ये. आणि उघडल्याबरोबर वास घ्या, आंबूस किंवा दारूसारखा आला तर वापरू नका.